देशाच्या लोकसंख्येवरील दम्याचा भार आणि त्याचे दीर्घकालीन कल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दम्याची नवी आकडेवारी प्रसिद्ध झाली की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते: आलेखातली रेषा म्हणजेच आजार. प्रत्यक्षात त्या एका रेषेत आजार, त्याचे निदान, त्याची नोंद आणि त्यावरचा उपचार या चार गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि वाचणाऱ्याला त्या वेगळ्या काढाव्या लागतात. खालचे प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. व्यक्तिगत उपचारांचा सल्ला येथे नाही. तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच द्यावा.

१. ‘दम्याचा भार’ म्हणजे नेमके काय? देशात किती रुग्ण आहेत एवढे सांगितले तर पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. दमा वर्षानुवर्षे सोबत राहतो आणि बहुतेकांचा जीव घेत नाही, पण जेरीस आणतो. म्हणून त्याची चार मोजमापे घेतली जातात: ठरावीक काळात किती लोकांना दमा आहे (व्याप्ती), वर्षभरात किती जणांना तो नव्याने जडला, किती जण त्याने दगावले, आणि आजारपण व अकाली मृत्यू मिळून निरोगी आयुष्याची किती वर्षे वाया गेली. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी सुमारे ४ लाख ५५ हजार लोक दम्याने दगावले. ही मोजमापे एकाच दिशेने सरकतील अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. रुग्ण वाढत असताना मृत्यू घटणे हेच अनेक देशांत घडले आहे (प्रश्न १० पाहा).

२. ‘निरोगी आयुष्याची गमावलेली वर्षे’ कशी मोजतात? हा आकडा हवेतून काढल्यासारखा वाटतो.

तो हवेतून काढलेला नाही, मात्र त्यात मूल्यमापनाचा भाग आहे हे खरे. दोन रकमांची बेरीज केली जाते. पहिली रक्कम अकाली मृत्यूंची: दगावलेली व्यक्ती आणखी किती वर्षे जगू शकली असती, ती वर्षे. दुसरी रक्कम आजारपणाची: आजारासह काढलेल्या प्रत्येक वर्षाला शून्य ते एक यांमधला एक भारांक लावतात. शून्य म्हणजे पूर्ण आरोग्य आणि एक म्हणजे मृत्यूइतकी हानी. जागतिक रोगभार अभ्यासात नियंत्रणात असलेल्या दम्यासाठी ०.०१५, अंशतः नियंत्रित दम्यासाठी ०.०३६ आणि अनियंत्रित दम्यासाठी ०.१३३ हे भारांक वापरले गेले आहेत.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. दहा लाख लोकसंख्येत ३०,००० जणांना दमा आहे. त्यांपैकी १५,००० नियंत्रित, ९,००० अंशतः नियंत्रित आणि ६,००० अनियंत्रित आहेत. आजारपणाची वर्षे अनुक्रमे २२५, ३२४ आणि ७९८, म्हणजे एकूण १,३४७ होतात. रुग्णांचा पाचवाच हिस्सा अनियंत्रित असूनही निम्म्याहून अधिक भार त्यांच्याकडून येतो, हे येथे नजरेत भरते. आता त्या अनियंत्रित रुग्णांपैकी ३,००० जणांचा दमा योग्य उपचाराने नियंत्रणात आला असे समजा. बेरीज ९९३ वर येते. एकही रुग्ण कमी झालेला नाही, तरी आजारपणाचा भार चतुर्थांशाहून अधिक उतरला. केवळ रुग्ण मोजणाऱ्या आकडेवारीत ही सुधारणा दिसणारच नाही.

३. जगभर दमा वाढतो आहे की कमी होतो आहे? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात सांगितले तर ते चुकीचे ठरेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक श्रीमंत देशांत, विशेषतः मुलांमध्ये, दमा खरोखर वाढला. १९९० च्या दशकात ‘आयझॅक’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने पहिल्या टप्प्यात ५६ देशांतील १५५ केंद्रांमध्ये १३–१४ वर्षांच्या सुमारे ४ लाख ६३ हजार मुलांना एकच प्रश्नावली दिली आणि दम्याच्या लक्षणांच्या प्रमाणात केंद्राकेंद्रांत किमान वीस पटींचा फरक आढळला. काही वर्षांनी तीच प्रश्नावली पुन्हा दिली, तेव्हा जिथे प्रमाण आधीच खूप होते अशा अनेक ठिकाणी ते स्थिरावलेले किंवा उतरलेले दिसले, तर जिथे कमी होते अशा बऱ्याच ठिकाणी ते वाढले होते. मृत्यूंची कहाणी निराळी आहे: १९९० ते २०१९ या काळात जागतिक वयप्रमाणित मृत्युदर (प्रश्न ४ पाहा) सुमारे निम्म्यावर आला.

४. एकाच अहवालात ‘मृत्यू वाढले’ आणि ‘मृत्युदर घटला’ असे दोन्ही लिहिले आहे. दोन्ही खरे कसे असेल?

दोन्ही खरे असू शकते, कारण लोकसंख्या वाढते आणि तिचे वयही वाढते. दम्याने होणारे मृत्यू उतारवयात अधिक असल्याने समाज म्हातारा झाला की आकडा आपोआप चढतो. असे समजा, एका देशात १९९० मध्ये साठीपुढच्यांचे प्रमाण १० टक्के होते. साठीच्या आतील मृत्युदर लाखामागे २ आणि साठीपुढचा लाखामागे २० होता. एकूण दर लाखामागे ३.८ भरतो. तीस वर्षांनी दोन्ही वयोगटांतील दर चतुर्थांशाने घटून १.५ आणि १५ झाले, पण साठीपुढच्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले. आता एकूण दर ४.९ च्या जवळ येतो. प्रत्येक वयातील माणूस आधीपेक्षा सुरक्षित झाला, तरी देशाचा एकूण दर वाढला. वयरचना १९९० सारखीच राहिली असती असे धरून हिशेब केला, तर दर २.८५ येतो. वयप्रमाणित दर तो हाच.

धोका किती बदलला हे जाणून घ्यायचे असेल तर वयप्रमाणित दर पाहावा. खाटा, औषधे आणि मनुष्यबळ यांचे नियोजन करायचे असेल, तर मात्र प्रत्यक्ष संख्याच उपयोगाची. दारात येणारा रुग्ण वयप्रमाणित नसतो.

५. सर्वेक्षणात दमा कोणाला म्हणतात? सगळ्यांची तपासणी होते का?

मोठ्या सर्वेक्षणांत क्वचितच होते. दम्याचे निश्चित निदान करणारी एकच रक्तचाचणी किंवा एकच फोटो नाही. फुंकून करायची फुफ्फुसांची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, लक्षणे नसलेल्या दिवशी पूर्णपणे सामान्य येऊ शकते. त्यामुळे सर्वेक्षणांचा आधार प्रश्नांवर असतो: ‘तुम्हाला दमा आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले होते का?’, ‘गेल्या बारा महिन्यांत छातीत घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज झाला का?’, ‘सध्या दम्याचे औषध चालू आहे का?’

या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळी प्रमाणे देतात. ‘कधी सांगितले होते का’ या प्रश्नाचे उत्तर एकदा होय झाले की ते आयुष्यभर होयच राहते, म्हणून त्यावर आधारलेली रेषा सहसा खाली येत नाही. प्रश्नाचे शब्द बदलले तरी कल तुटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य मुलाखत सर्वेक्षणात १९९७ मध्ये प्रश्न बदलला गेला, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका रेषेत जोडता येत नाहीत. तरी ते जोडलेले आलेख अधूनमधून पाहायला मिळतातच.

६. पूर्वी निदान होत नव्हते, आता होते. मग वाढ केवळ कागदावरचीच नाही का?

काही भाग तसाच आहे, पण सगळा नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात १९६४ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये शाळकरी मुलांचे सारख्याच पद्धतीने सर्वेक्षण झाले. छातीत घरघर होणाऱ्या मुलांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून १९.८ टक्क्यांवर गेले, तर दम्याचे निदान झालेल्यांचे ४.१ वरून १०.२ टक्क्यांवर. लक्षणे जवळपास दुप्पट झाली आणि निदान अडीच पटींनी वाढले. म्हणजे आजार खरोखर वाढला, आणि त्यावर निदानाच्या बदलत्या सवयीची भर पडली. ज्या मुलाला पूर्वी ‘ब्राँकायटिस’ (श्वासनलिकांचा दाह) किंवा ‘सारखी सर्दी’ म्हणून परत पाठवले जाई, त्यालाच पुढे दम्याचा रुग्ण म्हणून नोंदवले जाऊ लागले.

उलट बाजूही आहे. कॅनडात मागील पाच वर्षांत दम्याचे निदान झालेल्या ६१३ प्रौढांची काळजीपूर्वक फेरतपासणी केली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांमध्ये त्या वेळी दम्याचा पुरावा सापडला नाही. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काहींचा दमा शमला असावा आणि काहींना तो मुळातच नसावा. अतिनिदान आणि अल्पनिदान एकाच देशात एकाच वेळी नांदू शकतात: ज्यांना डॉक्टर सहज उपलब्ध आहेत त्यांच्यात पहिले, ज्यांना नाहीत त्यांच्यात दुसरे.

७. मृत्यूचे आकडे तरी पक्के असतात ना? मृत्यू हा मृत्यूच असतो.

मृत्यू पक्का असतो, त्याचे कारण नव्हे. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात एकाखाली एक ओळी असतात: सर्वांत वर तात्कालिक कारण, त्याखाली त्याला कारणीभूत ठरलेली स्थिती, आणि सर्वांत खाली ज्यापासून ही साखळी सुरू झाली तो मूळ आजार. आकडेवारीत जातो तो हा मूळ आजार. घाईत भरलेल्या प्रमाणपत्रात वरच्या ओळीत ‘श्वसनक्रिया व हृदयक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहून खालच्या ओळी कोऱ्या ठेवल्या, तर दम्याने गेलेला माणूस दम्याच्या खात्यात येतच नाही. अशा निरुपयोगी नोंदी नंतर संख्याशास्त्रीय पद्धतीने वेगवेगळ्या आजारांमध्ये वाटल्या जातात.

उतारवयात दुसरी अडचण येते. दमा आणि धूम्रपानाने किंवा धुराने होणारा सीओपीडी हा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात, आणि कोणते नाव लिहिले जाईल हे डॉक्टरांच्या सवयीवरही अवलंबून असते. म्हणून देशादेशांची तुलना करताना जाणकार ५ ते ३४ वर्षे या वयोगटातील मृत्यू पाहतात, कारण या वयात गफलतीला वाव कमी असतो. संख्या लहान असते, पण भरवशाची असते.

वर्गीकरणाचे नियम बदलले तरी रेषा उडी घेते. १९७९ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची नववी आवृत्ती लागू झाली. आधी ‘ब्राँकायटिस व दमा’ असे एकत्र लिहिलेले मृत्यू ब्राँकायटिसमध्ये जात, ते आता दम्यात मोजले जाऊ लागले. ज्येष्ठांमधील दम्याचे मृत्यू त्यामुळे एका रात्रीत वाढल्यासारखे दिसले. प्रत्यक्षात कोणालाही अधिक त्रास झालेला नव्हता.

८. मग रुग्णालयात दाखल झालेल्यांचे आकडे वापरणे अधिक योग्य नाही का?

ते उपयोगी आहेत, पण आजाराइतकेच व्यवस्थेविषयी सांगतात. खाटा वाढल्या, विमा मिळाला किंवा गाव रस्त्याने जोडले गेले की दाखल होणारे वाढतात. तातडीच्या कक्षात नेब्युलायझर देऊन सहा तासांत घरी सोडण्याची पद्धत आली की ते घटतात. एकच रुग्ण वर्षात चार वेळा दाखल झाला, तर बहुतेक नोंदींत ते चार प्रवेश दिसतात. एकाच देशात, एकाच पद्धतीने, थोड्या वर्षांच्या अंतराने तुलना करायची असेल तर हा निर्देशक चांगला. दोन देशांची तुलना करायची असेल तर तो टाळावा.

९. काही देशांच्या आलेखात १९६० च्या दशकात मृत्यूंचा उंचवटा दिसतो. ती नोंदीची चूक आहे का?

नाही, तो उंचवटा खरा आहे, आणि अस्वस्थ करणारा आहे. इंग्लंड व वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा काही देशांत १९६० च्या दशकात तरुण दमेकऱ्यांचे मृत्यू अचानक वाढले. तोंडात फवारायच्या आयसोप्रेनॅलिन या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या तीव्र मात्रेच्या पंपाशी याचा संबंध जोडला गेला. इशारे दिले गेले, पंपांची खुली विक्री आटोक्यात आली आणि मृत्यू उतरले. न्यूझीलंडमध्ये १९७६ च्या सुमारास असाच दुसरा उंचवटा सुरू झाला. त्यात फेनोटेरॉल या औषधाकडे बोट दाखवणारा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, सरकारने त्याचा वापर आवळला आणि मृत्युदर झपाट्याने निम्म्याजवळ आला.

यावर बराच वाद झाला. ज्यांचा दमा गंभीर असतो त्यांनाच तीव्र औषध दिले जाते, मग दोष औषधाचा की गंभीर आजाराचा, हा आक्षेप योग्यच होता. परंतु औषध मागे घेताच मृत्यू इतक्या वेगाने उतरणे हा माझ्या मते त्या आक्षेपाला मिळालेला पुरेसा जबाब आहे.

१०. मग नंतर मृत्यू कमी झाले ते कशामुळे?

मुख्यतः श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडमुळे, आणि ते नियमित घेण्याची शिस्त बसवणाऱ्या कार्यक्रमांमुळे. १९६९ मध्ये आलेले साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते, पण त्यांची सूज तशीच राहते. ती सूज शमवणारे बेक्लोमेटॅसोन हे स्टेरॉइड १९७२ मध्ये पंपातून उपलब्ध झाले. १९९३ मध्ये ‘जिना’ हा जागतिक उपक्रम सुरू झाला आणि उपचारांच्या शिफारशी एका सूत्रात आल्या.

फिनलंडचे उदाहरण या साऱ्या विषयाचा गाभा दाखवते. तेथे १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा राष्ट्रीय दमा कार्यक्रम राबवला गेला. लवकर निदान, सुरुवातीपासून सूजशामक पंप, आणि डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते यांचे जाळे. १९९३ मध्ये नोंदलेले दमेकरी १,३५,३६३ होते, ते २००३ पर्यंत २,०७,७५७ झाले. याच काळात दम्यासाठीचे रुग्णालयीन दिवस सुमारे १,१०,००० वरून ५१,००० वर आणि मृत्यू १२३ वरून ८५ वर आले. पहिला आकडा एकटाच छापला असता, तर कार्यक्रम फसला असे कोणीही म्हणाले असते.

ही घट पुढे मंदावली. ४६ देशांच्या एका विश्लेषणात ५ ते ३४ वयोगटातील मृत्युदर १९९३ मध्ये लाखामागे ०.४४ होता, तो २००६ पर्यंत ०.१९ वर आला आणि २०१२ पर्यंत तिथेच अडकून राहिला. का अडकला याचा एक धागा ब्रिटनच्या २०१४ च्या राष्ट्रीय मृत्यू-पडताळणीत मिळतो. उपलब्ध नोंदींनुसार, मृत्यूसमयी तात्पुरता आराम देणारा पंप चालू असलेल्यांपैकी ३९ टक्के जणांना आधीच्या वर्षात असे बाराहून अधिक पंप लिहून दिले गेले होते. महिन्याला एकाहून अधिक पंप संपणे हे दमा हाताबाहेर चालल्याचेच लक्षण. ते कोणी वाचले नाही. २०१९ पासून ‘जिना’ने केवळ असा पंप वापरून उपचार करू नयेत अशी शिफारस केली आहे.

११. हा भार कोणत्या वयात आणि कोणावर अधिक पडतो?

व्याप्ती लहान मुलांत जास्त असते, तरुणपणी उतरते आणि उतारवयात पुन्हा चढते. मृत्यू मात्र वयाबरोबर वाढत जातात. लहानपणी मुलग्यांमध्ये दमा अधिक असतो. वयात येण्याच्या सुमारास हे पारडे फिरते आणि प्रौढ वयात स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. म्हणून ‘स्त्रियांना जास्त की पुरुषांना’ या प्रश्नाचे वय न सांगता दिलेले कोणतेही उत्तर अपुरे असते.

१२. प्रदूषण वाढले म्हणून दमा वाढला, हे इतके उघड असताना त्यावर चर्चा कशाला?

कारण दम्याचा झटका येणे आणि दमा मुळात जडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूर आणि सूक्ष्म कण झटके वाढवतात याबद्दल शंका नाही. पण देशाचा दीर्घकालीन कल केवळ प्रदूषणाने समजत नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेकडील लाइपझिग आणि पश्चिमेकडील म्युनिक येथील मुलांची तुलना झाली. लाइपझिगची हवा कितीतरी अधिक घाण होती. तिथे ब्राँकायटिस अधिक आढळला, पण दमा आणि ॲलर्जीची सर्दी म्युनिकमध्ये अधिक होती. कोळशाचा जुना धूर आणि वाहनांचा आजचा धूर यांचे परिणाम सारखे नाहीत. वाहनांतून निघणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडचा लहान मुलांच्या नव्या दम्याशी असलेला संबंध आता बराच भक्कम मानला जातो.

धूम्रपान, लठ्ठपणा आणि कामाच्या ठिकाणचे पदार्थ हे घटकही भाराच्या हिशेबात धरले जातात. धोरणाचा परिणाम किती लवकर दिसू शकतो हे स्कॉटलंडने दाखवले. मार्च २००६ मध्ये सार्वजनिक बंदिस्त जागांत धूम्रपानबंदी आली. त्याआधी दम्यासाठी दाखल होणारी मुले दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होती, ती त्यानंतर दरवर्षी सुमारे १८ टक्क्यांनी कमी होऊ लागली.

१३. अतिस्वच्छतेमुळे दमा वाढला, असे वाचले. खरे आहे का?

त्या विधानात तथ्यांश आहे, पण ते तसे मांडणे ढोबळ होईल. लहानपणी कोणत्या सूक्ष्मजीवांशी गाठ पडते याचा रोगप्रतिकारशक्तीच्या जडणघडणीवर परिणाम होतो. अमेरिकेतील आमिश आणि हटेराइट या दोन शेतकरी समुदायांची वंशपरंपरा जवळची आहे. आमिश जनावरांच्या सान्निध्यात पारंपरिक शेती करतात, हटेराइट यंत्रांची. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्या मुलांमधील दम्याचे प्रमाण अनुक्रमे ५.२ आणि २१.३ टक्के आढळले. येथे फरक गोठ्यातील धुळीचा आहे. हात न धुतल्याने दमा टळतो असा अर्थ यातून काढू नये.

१४. एखाद्याच वर्षी आकडा एकदम उसळला किंवा कोसळला, तर तो कल मानावा का?

मानू नये, आधी त्या वर्षी काय घडले ते पाहावे. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये वादळासोबत गवताच्या परागकणांचे बारीक तुकडे हवेत पसरले, काही तासांत हजारो लोक रुग्णालयांकडे धावले आणि दहा जणांचा मृत्यू झाला. बार्सिलोनात १९८० च्या दशकात काही ठरावीक दिवशीच दम्याच्या झटक्यांची लाट येई. शोध घेतल्यावर बंदरात सोयाबीन उतरवले जात असताना कोठारातून उडणारी धूळ हे कारण सापडले, आणि कोठाराला गाळण्या बसवल्यावर लाटा थांबल्या. २०२० मध्ये उलटे घडले. कोविडच्या निर्बंधांमुळे सर्दीचे विषाणू पसरले नाहीत, लोक रुग्णालयात जायलाही कचरत होते, आणि अनेक देशांत दम्यासाठी दाखल होणाऱ्यांची संख्या घसरली. कल काढताना ते वर्ष शेवटचा बिंदू म्हणून घेतले, तर सुधारणा आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

१५. रुग्ण श्रीमंत देशांत जास्त आणि मृत्यू गरीब देशांत जास्त, असे का?

कारण रुग्णाची नोंद निदानावर ठरते आणि मृत्यू उपचारावर. सूजशामक आणि आराम देणारे पंप जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, तरी कमी उत्पन्नाच्या देशांत ते अनेकांना मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत. गोळ्या, सिरप आणि झटक्यापुरता उपचार यांवर वर्षे जातात. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजांनुसार भारतात जगातील सुमारे १३ टक्के दमेकरी आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक येथे होतात. या आकड्यातील काही वाटा प्रश्न ७ मधील दमा–सीओपीडी गफलतीचाही असू शकतो; परंतु दरी एवढी मोठी आहे की ती सगळी कागदावरची मानता येत नाही.

१६. एकाच देशाच्या एकाच वर्षाचे आकडे दोन अहवालांत वेगळे का असतात?

जागतिक रोगभार अभ्यासाची नवी आवृत्ती निघाली की १९९० पासूनची सगळी मालिका नव्याने मोजली जाते. नवी सर्वेक्षणे, नव्या व्याख्या, नवी गणिती प्रारूपे (मॉडेल). म्हणून जुन्या आवृत्तीतील २०१० चा आकडा आणि नव्या आवृत्तीतील २०२० चा आकडा यांची वजाबाकी करू नये. संपूर्ण मालिका एकाच आवृत्तीतून घ्यावी. शिवाय ज्या देशांत प्रत्यक्ष माहिती तुटपुंजी आहे, तेथील रेषा बरीचशी शेजारच्या देशांवरून आणि उत्पन्न, धूम्रपान यांसारख्या घटकांवरून बांधलेली असते. गुळगुळीत, सरळ उतरणारी रेषा दिसली की मला त्यामागे माहितीपेक्षा प्रारूपच अधिक असल्याची शंका येते. आकड्यापुढे दिलेली अनिश्चिततेची मर्यादा वाचली, तर ती शंका बहुधा खरी ठरते.

१७. शोधनिबंधांत ‘वय–काळ–पिढी’ विश्लेषण असते. त्यातून नेमके काय कळते?

वयाचा परिणाम म्हणजे वाढत्या वयाबरोबर बदलणारा धोका. काळाचा परिणाम म्हणजे एकाच वेळी सर्व वयांना लागू होणारा बदल, जसे नवे औषध. पिढीचा परिणाम म्हणजे ठरावीक वर्षांत जन्मलेल्यांनी बालपणातून सोबत आणलेला धोका. दम्यात तिन्ही महत्त्वाचे आहेत. अडचण अशी की यांतील दोन माहीत झाले की तिसरे आपोआप ठरते: २०२० मध्ये तीस वर्षांची असलेली व्यक्ती १९९० च्या आसपासच जन्मलेली असणार. त्यामुळे तिन्हींचे सरळ रेषेतील परिणाम केवळ आकडेवारीतून वेगळे करता येत नाहीत. संशोधकाला एखादे गृहीतक घ्यावेच लागते. निबंध वाचताना निष्कर्षाआधी ते गृहीतक शोधावे. कल नेमका कोणत्या वर्षी वळला हे शोधणाऱ्या पद्धतींनाही हेच लागू आहे: वळण खरे की वर्गीकरण बदलल्याचे, हे गणित सांगत नाही (प्रश्न ७).

१८. २०५० पर्यंतचे अंदाज कितपत मानावेत?

लोकसंख्या आणि वयरचना यांमुळे होणाऱ्या बदलापुरते बऱ्यापैकी मानावेत, कारण २०५० मध्ये साठीपुढे असणारे लोक आज जन्मलेलेच आहेत. दराबद्दलचे अंदाज मात्र मागील कल तसाच पुढे चालेल या गृहीतकावर उभे असतात. १९६० मध्ये कोणी असा अंदाज केला असता, तर त्यात पुढच्या दशकातला उंचवटाही नसता आणि सूजशामक पंपही नसता.

१९. लहानपणी दमा होता आणि आता वर्षानुवर्षे त्रास नाही. अशा व्यक्ती कुठे मोजल्या जातात? आणि औषधाने त्रास पूर्ण थांबला असेल तर?

पहिल्या व्यक्तीची गणना ‘कधी तरी दमा होता’ या आकड्यात होते, ‘सध्याचा दमा’ या आकड्यात होत नाही. तिचा दमा शमला असे म्हणता येते. संपला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियात १९६४ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात मुलांचा पन्नाशीपर्यंत पाठपुरावा केला गेला: अधूनमधून घरघर होणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्रास गेला, तर गंभीर दमा असणाऱ्यांपैकी थोड्यांचाच. शमलेला दमा उतारवयात परतला, तर काही नोंदींत तो चक्क नवा रुग्ण म्हणून दाखल होतो.

दुसरी व्यक्ती अधिक पेचात टाकते. तिच्या छातीत बारा महिन्यांत एकदाही घरघर झालेली नसते, म्हणून लक्षणांवर आधारलेल्या व्याख्येतून ती गळते आणि देशाची व्याप्ती कमी दिसते. पंप बंद केला तर काही आठवड्यांत ती पुन्हा मोजणीत येऊ शकते. यासाठीच चांगल्या प्रश्नावलीत लक्षणांच्या प्रश्नासोबत चालू औषधाचा प्रश्न असतो (प्रश्न ५). जुन्या सर्वेक्षणात तो नसेल आणि नव्यात असेल, तर दोघांची तुलना केवळ लक्षणांच्या प्रश्नापुरतीच करावी.